उपासाला चालणारी गोळी

देवाच्या मानासाठी माणसं एकमेकांना मारतात तेव्हा देव समोरच बसलेला असतो, पण साक्ष द्यायला येत नाही. पेडण्याकडच्या आमच्या गावात दोन वांगडं आहेत, म्हणजे मानकरी घराण्याच्या दोन शाखा. पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर, हे ठरवायला देवळात बैठक बसली आणि बोलणं लवकरच लाथांवर आलं. एकाने समई उचलली. दुसऱ्याने चांदीच्या मुठीची अब्दागीर, जी एरवी देवावर सावली धरते, गरकन फिरवून माझ्या थोरल्या भावाच्या खांद्यावर घातली. पडता पडता दादाने त्याच्या कानाचा चावा घेतला. फरशीवर रक्त आणि अबीर एकत्र झाले.

हाड मोडलं नव्हतं, पण हात वर जाईना. जत्रा आठवड्यावर होती. दादा उभा राहिला नाही तर दांडा त्यांचा, आणि गेलेला मान आमच्याकडे परत येत नसतो.

त्यात मानकऱ्याचा उपास. दिवसभर कोरा चहा. दादा दुखण्याच्या गोळ्या घेऊ लागला. फार्मसीतली एक, शिवाय वहिनीच्या गुडघ्यांसाठी आणलेली दुसरी. नावं वेगळी, जात एकच.

"पोटाक कायतरी घाला, मगे गोळी घेवा," वहिनी म्हणाली.

"गोळयेन उपास मोडना. पेजेन मोडता. देवाक फरक कळता."

देवाला कळत असेल. पोटाला कळला नाही. संडास डांबरासारखी काळी होत होती, तेही त्याने कोऱ्या चहावर घातलं. जत्रेच्या आदल्या दिवशी अंगणात खांद्यावर वासा घेऊन तो सराव करत होता. एकदम वाकला आणि कॉफीच्या चोथ्यासारखं ओकला. मग लाल, भडाभडा, पायांवर, तुळशीवर. वासा त्याच्याच अंगावर कोसळला.

म्हापशाच्या इस्पितळात दुर्बीण घालून पोटातली जखम बंद केली, रक्त चढवलं. तरुण डॉक्टरीणबाई वहिनीला म्हणाल्या, "अंगात सूज आणणारा एक पदार्थ तयार होतो, तो ही गोळी बंद पाडते. पण त्याच जातीचा पदार्थ पोटाच्या अस्तराची राखण करतो. गोळीला खांदा वेगळा, पोट वेगळं असं काही दिसत नाही."

"खावन घेतली असती तर?"

"जळजळ कमी झाली असती. धोका राहिलाच असता, ती रक्तातूनही अस्तर उघडं पाडते. कमीत कमी घ्यायची, थोडेच दिवस, आणि दोन जातभाई एकत्र कधीच नाही. प्रेशरवाल्यांनी, मूत्रपिंडं नाजूक असलेल्यांनी विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. काळी संडास झाली की गोळी बंद आणि सरळ इथे."

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. पुढे तोच, कानाला पट्टी बांधलेला. कोणीतरी फोनवर पाठवलेलं चित्रण दादाने पूर्ण पाहिलं आणि चांगल्या हाताने स्टीलचा पेला भिंतीवर नारळ फोडावा तसा मारला.

खांद्यासाठी आता त्याला फक्त पॅरासिटामॉल मिळते, तीही मोजून. तिने निम्मं दुखणं उतरतं. उरलेलं निम्मं तो दुसऱ्या वांगडाला शिव्या घालून उतरवतो. डॉक्टरीणबाईंनी त्याला मनाई केलेली नाही.