सुगंधाचं जेल, चिंधूचा हात

सुगंधा राऊतने बाटली उलटी केली. आतला काचेसारखा गोळा जागचा हलला नाही. मग हितेशने त्याच पावडरची, त्याच कृतीच्या कागदावरून बनवलेली आपली बाटली उलटी केली आणि सगळं पाणी त्याच्या पँटवर आलं.

"आठ दिवसांतली ही चौथी पँट," हितेश म्हणाला. तो प्रयोगशाळेतला नवा केमिस्ट, कागदावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा.

शैलेश सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुगंधाकडे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण ते हळू बोलले.

"राऊत मॅडम, तुमच्याच हाताला जमतं म्हणजे ती तुमची कला झाली. मला कारखाना चालवायचाय. शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हाताने जमलं, तर मोठी बॅच घेऊ. नाहीतर हे बंद. तुम्ही परत क्यूसीत."

क्यूसी म्हणजे आलेल्या मालाचे नमुने तपासायचे आणि सह्या करायच्या. सुगंधाने ते तेरा वर्षं केलं होतं.

ती मूळची एडवणची, नरहरी राऊतांची धाकटी. सुपारीच्या वाडीत वाढली. पाटाचं पाणी सोडायला पाठवली तर केळींशी बोलत बसायची आणि पाणी शेजाऱ्याच्या वाडीत जायचं, असं नरहरी अजून सांगतात. बीएस्सी पालघरला, एमएस्सी मुंबईला आणि मग तारापूर एमआयडीसीतली नोकरी. संध्याकाळच्या एसटीत कंडक्टर तिला बघून म्हणायचा, "नाव सुगंधा, आणि ही चढली की खिडक्या उघडाव्या लागतात." ती म्हणायची, "तिकीट द्या, वास फुकट आहे."

तिशीत तिने एक व्याख्यान ऐकलं. विषय सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री. वक्ते सांगत होते, काही रेणू असे असतात की त्यांना कुणी जोडावं लागत नाही. सोडून दिले की आपले आपण ओळीत उभे राहतात. सुगंधा घरी आली ती जेवायचंच विसरली. पुढची सहा वर्षं शनिवार-रविवार मुंबईच्या फेऱ्या करून तिने पीएचडी केली आणि कारखान्यातच संशोधनाची एक खोली मिळवली. चार वर्षांनी हे जेल हाती आलं. चिमूटभर पावडर गरम पाण्यात विरघळवायची. पाणी निवताना रेणू एकमेकांना धरून लांब लांब धागे करतात, त्या जाळीत पाणी अडकतं, गोळा तयार. त्याची वडी रंगाच्या लालभडक सांडपाण्यात टाकली की संध्याकाळपर्यंत लाली वडीत आणि पाणी मोकळं.

हे सगळं तिने गोजराबाईलाही समजावलं होतं. कारखान्यासमोर गोजराबाईचं चहाचं दुकान, गवती चहा भरपूर.

"म्हंजे त्या रेणूंचं लगीन नाय लावलेला?" गोजराबाईने विचारलं होतं.

"नाही मावशी. नुसते हात धरून बसलेत."

"मग सोडून जातील."

"गरम केलं की जातात. थंड झालं की परत येतात."

"माजा नवरा," गोजराबाई म्हणाली आणि कपात चहा ओतला.

तर मंगळवारी, हितेशच्या चार पँटी झाल्यावर, सरांनी चिंधूला प्लांटमधून वर पाठवला. चिंधू वीस वर्षं रसायनं शिजवणाऱ्या रिअ‍ॅक्टरवर काम केलेला ऑपरेटर. डोंगराकडचा माणूस, पावसाळ्यात रजा टाकून स्वतःची भातलावणी करणारा. त्याने कागद वाचला, बाटली बनवली, उलटी केली. पाणी. पण ते त्याच्या पँटवर आलं नाही, कारण त्याने आधीच खाली बादली ठेवली होती.

"हे सुचलं नाही मला," हितेश म्हणाला.

बुधवारीही पाणीच. सुगंधाने पावडर बदलली, पाणी बदललं, बाटल्या बदलल्या. चिंधूने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मॅडम, आता तुमी करा. मी नुसता बघतो."

"कागदात सगळं आहे, चिंधूभाऊ."

"कागद पाठ झाला. तुमचा हात बघू द्या."

तिने पावडर टाकली. बाटली पाण्याच्या बाथमध्ये ठेवून नव्वदपर्यंत तापवली, आतलं मिश्रण स्वच्छ दिसू लागल्यावर हीटर बंद केला आणि निघून गेली. चिंधू स्टुलावर बसून राहिला. पन्नास मिनिटांनी ती परत आली, बाथमधून बाटली काढली, उलटी केली. गोळा घट्ट.

"बघा. काही वेगळं केलं?"

"इतका येळ कुटं होता?"

"गोजराबाईकडे. चहाला."

"ते कागदात कुटं हाय?"

सुगंधा हसली. मग हसू अर्ध्यात थांबलं. कागदावर तिनेच लिहिलं होतं, 'हीटर बंद करून बाटली थंड करावी.' हितेशने आणि चिंधूने कागदाप्रमाणे बाटली लगेच बाहेर काढून पंख्याखाली ठेवली होती. ती स्वतः मात्र पहिल्यापासून बाटली त्या गरम पाण्यातच टाकून चहाला जात होती. बाथ हळूहळू निवायचा, त्याच्याबरोबर बाटली. गोजराबाई एका कपात कधी सोडायची नाही, म्हणून पन्नास मिनिटं.

तिने जुन्या वह्या काढल्या. तिच्या स्वतःच्या हातूनही जेल फसलेलं होतं, तीनदा. कारण सापडलं नव्हतं. तिन्ही तारखा तिने तळहातावर लिहिल्या आणि रस्ता ओलांडला.

"मावशी, एकवीस जानेवारीला तुमचं दुकान उघडं होतं?"

"नव्हता. बहिनीकडं गेलती, वाणगावला."

"नऊ मार्च?"

"माज्या दाताचा दिवस तो. काढून आनला."

"आणि दोन जून?"

गोजराबाईने गाळणं खाली ठेवलं. "तवापन बंद. पोरी, पोलिसात लागलीस काय?"

"मावशी, तुम्ही नसलात की मी लगेच बाटली बाहेर काढते. तुम्ही असलात की रेणूंना वेळ मिळतो. घाईत ते कसेही एकमेकांवर पडतात, ओळच लागत नाही."

"म्हंजे मी तुला बसवून ठेवते ते कामाचं होता," गोजराबाई म्हणाली, "आनि तुजे सर मला म्हनतात, बाई, आमच्या लोकांचा येळ खाऊ नका."

शैलेश सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "पीएचडी तुम्हाला कुणी दिली?"

"त्यांनाही चहा आवडायचा, सर."

"बॅच शीटमध्ये चहा लिहिता येणार नाही."

तिने लिहिलं, 'हीटर बंद करावा. भांडं बाथमध्येच राहू द्यावं. पन्नास मिनिटं हात लावू नये.'

शनिवारी सकाळी चिंधू पाच लिटरचं काचेचं भांडं घेऊन बसला. सुगंधाला खोलीबाहेर काढलं होतं, ती दाराच्या काचेला नाक लावून उभी. मिश्रण स्वच्छ झालं, हीटर बंद झाला आणि चिंधूची खरी परीक्षा सुरू झाली. वीस वर्षं त्याला एकच शिकवण होती, स्टरर थांबला की बॅच गेली. त्याचा हात आपोआप ढवळणीकडे जायचा आणि चिंधू तो मागे घ्यायचा. शेवटी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसला.

विसाव्या मिनिटाला शैलेश सरांनी झाकणाला हात घातला.

"सायेब, ठेवा ते."

"नुसतं बघतोय."

"तुमी बघा. हात लावू नका."

सरांनी हात खिशात घातले. काचेमागे सुगंधाला आवाज येत नव्हता, पण खिशातले हात दिसले आणि चिंधूला मिठी मारावीशी वाटली. पण बाटलीभर पाण्यात जे घडतं ते पाच लिटरमध्ये घडेलच, असं तिलाही सांगता आलं नसतं.

पन्नास मिनिटं झाली. चिंधूने झाकण काढून भांडं उचललं. हितेश आपली पँट सांभाळत भिंतीला टेकला. चिंधूने भांडं एका दमात उलटं केलं आणि तसंच धरून ठेवलं. थेंब पडला नाही. सरांनी वाकून तोंडाकडून पाहिलं, बुडावर टिचक्या मारल्या, पुन्हा वाकले. मग चिंधूला म्हणाले, "आता खाली ठेवलं तरी चालेल," आणि दार उघडलं.

"मॅडम, पन्नास लिटरला किती पावडर लागेल?"

उत्तर तिला पाठ होतं, पण ती आत येऊन गोळ्याला बोट लावून बघत होती. हितेशनेच आकडा सांगितला. दुपारी त्याने स्वतःच्या हाताने एक बॅच घेतली आणि उलटी करून पूर्ण मजला फिरवून आणली, अकाउंट्सपासून सिक्युरिटीपर्यंत.

संध्याकाळी तिने एडवणला फोन लावला.

"बाबा, जमलं. चिंधूभाऊंनी केलं, हितेशने केलं. आता कागद वाचून कुणीही करेल."

नरहरींनी विचारलं, "कुनीपन?"

"कुणीपण."

"मग तुजं काय काम उरलं तिथं?"

सुगंधा खो खो हसत सुटली. "खरंच काही नाही उरलं, बाबा. सोमवारी नवीन पावडर काढते. निळा रंग आताच्या पावडरला अजिबात धरवत नाही."

"बरं. जेवून घे," नरहरी म्हणाले.