प्रयागकाकूचं गोत्र

मेडशीत आमच्या प्रयागकाकूला प्रश्न पडला नाही असा दिवस उजाडत नाही. एसटी उशिरा आली की ही ड्रायव्हरला विचारणार, घरून भांडून आला काय? आम्ही तिला टाळतो, आणि तिच्यावाचून आम्हाला करमतही नाही.

तिचा भाऊ इंद्रभान डोक्यातली नस फुटून गेला. त्याआधी थोरला जगदेव आणि बापही तसेच गेले होते. लोक म्हणाले, त्या घरातली माणसं तापट. काकूला पटेना. "जगदेवले राग कवा आला व? मंग तो काहून गेला?"

जऊळक्याला, तिच्या माहेरी, इंद्रभानच्या तेरवीला सारं गणगोत जमणार होतं. काकूनं उपकेंद्रातल्या सुकेशनी सिस्टरला बीपीचं मशीन घेऊन बोलावलं. तेरवीत! लोक बुंदी खाऊन उठतात तोच ही त्यांच्या बाह्या वर सारते. तिच्यासोबत गेलेली मी लाजेनं अर्धी झाले. त्या घरात जन्मलेल्या बऱ्याच जणांचं बीपी जास्त निघालं. त्याच चुलीवरचं, तेवढ्याच मिठाचं खाणाऱ्या सुनांचं मात्र बहुतेक ठीक. काकूचे डोळे चमकले.

"मीठ वाईटच," सिस्टर म्हणाल्या, "पन कोनाले त्याचा तरास जास्त होते, ते थोडंफार मायबापाकडून येते. एक गोष्ट नाही, अशा कितीतरी बारक्या गोष्टी येतात. आता तुमचा हात द्या, मावशी."

"माहा कायले? लग्नात माहं गोत्र बदललं. इथलं सारं इथंच राह्यलं."

ती हे इतक्या खात्रीनं म्हणाली की मलाही खरं वाटलं. सिस्टरनी तरी पट्टा बांधलाच. आकडा भावकीतल्या कुणाहूनही मोठा निघाला. सिस्टर म्हणाल्या, "लग्नानं हे बदलत नाही, मावशी. पन घाबरू नका. मीठ कमी करा. उद्या दवाखान्यात या, डॉक्टर गोळी देतीन. आवरता येते हे."

काकूनं पट्टा सोडलेला हात उलटापालटा करून पाहिला.

"नाव बदललं, कुळ बदललं. तरी मी बापाचीच?"

"अर्धी बापाची, अर्धी मायची."

भावाच्या मरणाला न रडलेली काकू तिथं पदर तोंडाला लावून रडली. वाईट वाटत होतं की बरं, तिचं तिलाच कळत नसावं. मग एकदम थांबली. तिची लेक मंजुषा डोकं दुखतं म्हणून तेरवीला आली नव्हती, आणि काकूनंच तिला सकाळी चहा घेऊन पडून राहायला सांगितलं होतं. तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"मंजे, ऊठ. तू माहीच हायेस. आताच्या आता दवाखान्यात जाय."