दशमीवकील

छपराखाली जेवलं की घास घशात अडकतो, अशी आमच्या वकीलसाहेबांची तक्रार होती. बायको गेल्यानंतर अमरावतीच्या त्या घरात समोर रिकामा पाट ठेवून जेवणं त्यांना जमेना, एवढंच खरं निदान. पण ते तसं सांगत नसत. म्हणत, "वांगं उघड्यावर वाढते, मिरची उघड्यावर वाढते, मंग खाणाऱ्यानंच काहून कोंडून घ्यावं?" कोर्टात ते इंग्रजी बोलत, लेकीशी पुस्तकी मराठी बोलत, आणि भूक लागली की वऱ्हाडी. त्यांच्या तोंडून 'काहून' निघालं की आम्ही मित्रमंडळी हात धुवायला उठायचो.

भाजी साधी असावी, हा त्यांचा धर्म. मसाला म्हणजे खोटे साक्षीदार, असं ते म्हणत. "ज्याची बाजू लंगडी, त्याले ते लागतात. वांग्याची बाजू मुळातच मजबूत हाय." एकदा कामानिमित्त ते अकोल्याला निघाले आणि मलाही सोबत घेतलं. मी शाळामास्तर, कोर्टात माझा उपयोग शून्य, पण पानावर मी चांगली साथ देतो असा माझा लौकिक होता. तिथल्या खानावळीत दोडक्याची भाजी आली ती बोटभर लाल तेलाखाली बुडालेली. वकीलसाहेबांनी मालकाला बोलावलं. "मालक, ह्या दोडक्यावर कोणकोणती कलमं लावली?"

"पेशल हाय साहेब," मालक अभिमानाने म्हणाला.

"तेच म्हणतो. साधी कैद द्यायची, तं तुम्ही फाशीच देली."

मी मोठ्याने हसलो, आणि हसण्याच्या भरात अख्खी मिरची गिळली. पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. मी माझा पेला संपवला, वकीलसाहेबांचा संपवला, आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाचाही उचलून संपवला. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मास्तर, त्या माणसाचं पाणी पिताना तुम्ही त्याची जात नाही पुसली."

मला तो विनोद वाटला. मी तो शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर सांगत फिरलो.

त्यांचं खरं अन्नछत्र होतं मोर्शीच्या रस्त्यावर, किसनाच्या भाजीवाडीत. एक विहीर, एक चिंच, आणि वांग्याचे वाफे. किसनाची जात इथे लिहीत नाही. त्याच्या घरचं पाणी आमच्या पंगतीला चालत नसे, एवढं सांगितलं की त्या काळच्या माणसाला पुरे. किसनाचा बांधाचा खटला वकीलसाहेबांनी लढवला होता आणि तेव्हापासून त्या वांग्यांची चटक लागली होती. थंडी पडली की तिथे रोडग्यांचा बेत ठरायचा. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तेलात बुडवून भरितासोबत खायचे. भरितात कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ. बस्स. खाणाऱ्यांत आम्ही मास्तर, दोघे-तिघे वकील आणि चक्क शास्त्रीबुवा!

शास्त्रीबुवा कसे आले, ते सांगायला हवं, कारण वकीलसाहेबांना 'दशमीवकील' हे नाव तिथेच पडलं. पाण्यात मळलेलं ते अन्न, त्याला विटाळ. दुधात मळलेली ती दशमी, तिला विटाळ नाही. प्रवासात आपले आजोबा कुणाच्याही ओसरीवर बसून ती खात. वकीलसाहेबांनी हा मुद्दा उचलला. किसनाची बायको जनाबाई रोडग्याची कणीक मळणार, पण दुधात. वांगी तर नुसती भाजलेली, त्यांना पाण्याचा थेंब नाही. मग अडचण काय? शास्त्रीबुवांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. तेवढ्यात भरिताचा वास आला, आणि विचार संपला.

अशी कित्येक वर्षं आम्ही जनाबाईच्या हातचं खाल्लं. प्यायचं पाणी मात्र आमच्या तांब्याच्या घागरीतून, बैलांच्या दमणीत घालून गावातून यायचं. पुढ्यात विहीर आणि आम्ही घागर सांभाळत बसलेलो. किसना आणि जनाबाई वाढायचे. बसायचे नाहीत.

एकदा वाढता वाढता तिनेच विचारलं, "वकीलसाहेब, आमचं दूध चालते, वांगं चालते. पानी कवा चालन जी?"

सगळे हसले. मी तर फारच. वकीलसाहेब हसले नाहीत. मंडळी पांगल्यावर ते विहिरीपाशी गेले आणि तिला म्हणाले, "माह्या इंदूच्या लग्नात. किसनाचा पाट माह्या पाटाले लागून मांडीन, अन् पंगतीत पाणी फिरन ते ह्या विहिरीचं." ते मनापासून बोलत होते. मी घागर उचलून तिथेच उभा होतो. आवाजावरून कळतं ते. किसनाने नुसती मान हलवली. जनाबाई म्हणाली, "पाहू जी," पण त्या दिवसापासून ती विहिरीचा काठ रोज झाडू लागली, असं किसनाने मला हसत हसत सांगितलं होतं.

इंदूचं स्थळ आलं अकोल्याचं. मुलाचे वडील पेन्शन खाणारे रावसाहेब, माणूस बरा, पण सोवळ्याचा कडक. देण्याघेण्याचं ठरलं होतं, फक्त त्यांचा शेवटचा होकार उरला होता. आईविना वाढलेल्या त्या मुलीसाठी आधीची दोन स्थळं 'वकील कुठेही जेवतो' ह्या कारणावरून फिरली होती. रावसाहेबांचं मन वळवायला वकीलसाहेबांनी त्यांना रोडग्यांचंच आमंत्रण दिलं. कोर्टात जिंकणारा माणूस व्यवहारात कसा वेडा असतो पाहा! पण शास्त्रीबुवा सोबत होते, दशमीचा आधार होता, म्हणून रावसाहेब आले.

त्या वर्षी किसनाची गाय आटली होती, म्हणून दूध गावातून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी सायकल घेतली होती आणि तिची हौस भागली नव्हती. हँडलला दुधाची बरणी अडकवून, घंटी वाजवत निघालो. वाटेत एका बैलाला माझी घंटी आवडली नाही. मी एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, आणि दूध नालीत. चाक सरळ करून, गुडघा बांधून मी चालत वाडीवर पोचलो तोवर ऊन कलायला आलं होतं. पंगत बसलेली. वांगी जळायला लागली तशी वाट पाहणं सोडून जनाबाईने रोडगे घातले होते. शास्त्रीबुवा म्हणत होते, "आज रोडगा काय खुसखुशीत झालाय! वा!"

आणि मी रस्त्यावरूनच ओरडलो, "सांडलं हो वकीलसाहेब! थेंब नाही उरला दुधाचा! पण सायकल वाचली!"

शास्त्रीबुवांचा हात तोंडापाशी थांबला. रावसाहेबांनी आपला हात पानावरून मागे घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "मग हे कशात मळलंय?"

जनाबाई टोपली कमरेला लावून उभी होती. ती म्हणाली, "लय वाट पाह्यली जी, मंग..."

"दुधातच," वकीलसाहेब म्हणाले. शुद्ध मराठीत. "घरच्या गाईच्या. मास्तरांचं दूध चहासाठी होतं."

गाय चिंचेखालीच बांधलेली होती. तिची कास कोरड्या पिशवीसारखी लोंबत होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रावसाहेबांनी जरा जास्त वेळ पाहिलं. तेव्हा वकीलसाहेब जनाबाईकडे वळले आणि कोर्टात विचारतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय जनाबाई, दूधच होतं ना?"

तिने एकदा विहिरीकडे पाहिलं.

"हो जी," ती म्हणाली. "दूधच होतं."

"गाईचं ना? मग उत्तमच," असं म्हणून शास्त्रीबुवांनी घास आत टाकला. रावसाहेबांनीही हात पुढे केला. मला बसायला सांगितलं. मी बसलो आणि खाल्लंसुद्धा. खरं सांगायचं तर तसे रोडगे पुन्हा मिळाले नाहीत. वकीलसाहेबांच्या पानावर मात्र अर्धा रोडगा तसाच राहिला. उघड्यावर, चिंचेखाली, त्यांचा घास अडकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

लग्न झालं. साग्रसंगीत झालं. किसना आणि जनाबाई सकाळी वांग्यांची टोपली घेऊन आले आणि मागच्या दारी ती उतरवून निघाले. वकीलसाहेब धावत बाहेर आले. "जेवून जा न रे किसना. पाट मांडतो."

"कुठी मांडता जी?" किसनाने विचारलं.

वकीलसाहेबांनी मांडवाकडे पाहिलं. तिथे अकोल्याची मंडळी बसू लागली होती. मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं. जनाबाईच म्हणाली, "राहू द्या साहेब. आमाले उपास हाय आज."

त्यानंतर रोडग्यांचा बेत झाला नाही. कुणी आठवण काढलीच तर वकीलसाहेब म्हणत, "वांग्यात आता चव नाही राहिली." घरात स्वयंपाकीण ठेवली. ते छपराखाली जेवू लागले, वेळेवर, तक्रार न करता. मी कधी सोबत असलो तर पाहायचो: ताटात मुगाची आमटी, पडवळाची भाजी, आणि समोर रिकामा पाट. त्यांच्या तोंडून 'काहून' पुन्हा ऐकलं नाही.

काही वर्षांनी, भर वैशाखात, वरूडकडच्या एका पक्षकाराच्या घरी जाऊन आम्ही परतत होतो. दमणीतलं पाणी संपलं होतं. किसनाची चिंच दिसली तसे वकीलसाहेब म्हणाले, "थांबव." उतरले. किसना वारला होता हे आम्हाला ठाऊक होतं. जनाबाई एकटीच वाफ्यात वाकलेली होती. ती सरळ झाली, डोक्यावर पदर घेतला.

"या जी, साहेब."

"जनाबाई," ते म्हणाले. ओठ सुकले होते. "पाणी देतेस?"

विहीर भरलेली होती. दोर आणि बादली काठावरच होती. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घासलेला पितळी पेला होता, आणि त्यात दूध.

"पानी नाई चालत तुमाले," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला होता. "दूध घ्या."

वकीलसाहेबांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि उभ्याउभ्या शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग दमणीत येऊन बसले. अमरावती येईपर्यंत ते ओठांवरून जीभ फिरवत होते.