आईस हॉकीतलं तिसरं नाव

ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, गोविंदला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या प्रल्हादकाकांना तर नाहीच. खोटेपणाविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. नांदेडच्या कॉलेजात टेबलावर हात आपटून बोलले आहे. ही एवढी गोष्ट मात्र पाच वर्षं घशाखाली दाबून ठेवली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते — आणि हेही एक पळणंच आहे, नाही का?

आधी काकांबद्दल सांगू द्या. मी लांबवते आहे, मला कळतंय. पण काका कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

प्रल्हादकाका माझ्या वडिलांचे मित्र. कंधारच्या एसटी आगारात मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांच्या नखांतलं काळं ऑइल अजून गेलेलं नाही. चाळीसेक वर्षं ते एक पत्रक काढतात. चार पानांचं, पिवळ्या कागदावर, नांदेडला छापलेलं. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, ग्रहण का लागतं, रोजगार हमीवर हजेरी कोण खातं — काहीही असतं त्यात. पिशवीत गठ्ठा घालून काका बसनं हिमायतनगरला जातात, शिरूर अनंतपाळला जातात, झाडाखाली उभे राहून एकेकाच्या हातात देतात. शेवटच्या पानावर, तळाशी, दरवेळी एकच ओळ: ‘यातली चूक दाखवणाऱ्यास आमच्याकडून चहा.’ आणि कुणी चूक दाखवली, की पुढच्या पत्रकात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात दुरुस्ती. हिमायतनगरचे एक हेडमास्तर दोन बसा बदलून आले होते एकदा — एका कायद्याचं साल एका वर्षानं चुकलं होतं म्हणून. काका तो चहा असा सांगतात जसा दुसरा कुणी सत्कार सांगेल.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. घड्या घालताना. आमच्या घरात देव नव्हता, त्याच्या जागी हा नियम होता — पुराव्याशिवाय ओळ नाही.

आता गोविंद. गोविंद माझा शाळेतला वर्गमित्र, मन्याड नदीच्या काठावर त्याच्या घरची काळी जमीन. तो फौजेत गेला आणि लडाखला लागला. तिथं तळी गोठतात, आणि गोठलेल्या तळ्यावर जवान पात्याचे बूट घालून हॉकी खेळतात. गोविंद सुट्टीवर आला तो समोरचा अर्धा दात मोडून आणि डोक्यात आईस हॉकी भरून. कंधारात बर्फ म्हणजे रसवंतीवाला पोत्यातून काढतो तो. त्यावर माणसं धावतात, हे ऐकून काका थक्क झाले.

‘आन् पडलं तर?’ त्यांनी विचारलं.

‘पडतेतच की काका. बघा ना हा दात.’

‘मंग खेळ कोन्ता हाय ह्यात? पडायचाच हाय की सगळा.’

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी बैठक असते. एक विषय, बाजू मांडायची, बाकीच्यांनी ऐकायचं. गोविंदच्या सुट्टीचे चार रविवार आम्ही मोबाइलवर गोल बघण्यात घालवले, आणि पाचव्या रविवारी काकांनीच विषय लिहिला फळ्यावर: आईस हॉकीत सर्वांत मोठा गोल मारणारा कोण?

तुम्ही हसाल. पस्तीस माणसं, पत्र्याखाली घामानं भिजलेली, आणि विषय बर्फाचा. पण मी त्यानंतर पुष्कळ परिसंवाद पाहिले; इतका सुंदर वाद पुन्हा ऐकला नाही. गोविंद रशियाच्या खेळाडूच्या बाजूनं. तो तेव्हा अजून सर्वाधिक गोलांच्या विक्रमाच्या मागे होता. गोविंद म्हणाला, जुन्या काळात गोली, म्हणजे गोल अडवणारा, बारका, त्याचे पॅड बारके, जाळीत जागाच जागा. आता गोली म्हणजे दार लावून घेतल्यासारखा, तरी हा त्याच एका जागेवरून मारतो — सगळ्यांना माहीत असतं कुठून मारणार, तरी अडवता येत नाही. काका कॅनडाच्या जुन्या खेळाडूच्या बाजूनं, विक्रम ज्याच्या नावावर होता त्याच्या. आयुष्यात बर्फाची लादी सोडून बर्फ न पाहिलेला माणूस — पण काय बोलले. म्हणाले, ह्यानं सोता मारले त्याच्या दुपटीवर गोल दुसऱ्याला मारून दिलेत. जो दुसऱ्याच्या काठीवर चेंडू नेऊन ठेवतो तो मोठा. गोविंद म्हणाला, काका, चेंडू न्हाई, रबराची चकती हाय. काका म्हणाले, चकती तर चकती, ठेवली तर हाय ना?

सगळे हसत होते. आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

हे लिहायला मला फार दिवस लागले — की सुरुवात तिथून झाली. तत्त्वातून नाही. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, यातून.

माझा मुद्दा खरा होता. आजही तो मला खरा वाटतो. विक्रम कुणाचा मोजता? ज्याला मैदानात सोडलं त्याचा. ज्याला सोडलंच नाही त्याचे गोल कोणत्या वहीत आहेत? मग दोघांची तुलना करून ‘सर्वांत मोठा’ म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मी एवढंच बोलून बसले असते तरी चाललं असतं. पण नुसत्या प्रश्नाला टाळी पडत नाही. उदाहरण लागतं, माणूस लागतो. आणि मी काही शोधलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांची होते, मला वाटायचं संताप असला की अभ्यास झाला.

म्हणून मी माणूस बनवला. उभ्या-उभ्या. जोसाया त्याचं नाव.

कॅनडातल्या बंदरावर कोळसा वाहणाऱ्या काळ्या मजुराचा मुलगा. मी सांगत गेले. तळ्यावरचा चांगला, जाड बर्फ गोऱ्यांचा. काळ्यांनी पलीकडच्या टोकाला जायचं, जिथं बर्फ पातळ आणि खाली पाणी हलताना दिसतं. काठी त्यानं फांदी तासून केलेली. संघात घेत नाहीत, म्हणून तो काठावर उभा राहून दुसऱ्यांचे गोल मोजायचा, लाकडावर खुणा करून. आणि ते घरी गेले की पातळ बर्फावर एकटा मारायचा, त्यांच्या दुप्पट.

पाणवठ्याची गोष्ट आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

पण ती खुणांची गोष्ट — ती कुठून आली माहीत आहे? काकांकडून. एकदा पत्रकं गुंडाळता-गुंडाळता त्यांनी मला सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही. लहानपणी गावात कबड्डीचा संघ होता. काका वाऱ्यासारखे पळायचे. पण पोरं त्यांना रेषेच्या आत घ्यायची नाहीत. शिवाशिवीचा खेळ तो, अंगाला अंग लागणार. म्हणून काका रेषेबाहेर बसून गुण मोजायचे. खडे मांडून. संघ जिंकला की सगळ्यात आधी यांना कळायचं. मी ते खडे उचलले आणि परक्या देशातल्या, कधीच नसलेल्या एका मुलाच्या हातात लाकडावरच्या खुणा करून दिले. मला ठाऊक होतं कुठं बोट ठेवलं की काकांना लागतं. मी तिथंच ठेवलं.

माझं बोलून झाल्यावर काकांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘माझंच लिहिल्यावानी हाय की गं हे.’ आणि त्यांनी स्वतः उठून फळ्यावर दोन नावांच्या खाली तिसरं नाव लिहिलं. नंतर बाहेर, चपला घालताना, नेहमीसारखं विचारलं, ‘पुरावा?’

मी म्हणाले, ‘इंग्रजीत आहे काका. तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रात.’

‘तू वाचलंस ना? मंग म्या वाचलं.’

पुढच्या पत्रकात जोसाया आला. पूर्ण एक पान. आणि मग दोन वर्षं काका त्याला गावोगाव घेऊन हिंडले. ‘आपला जोसाया’ म्हणायचे त्याला, जसं भावकीतलं कुणी. ते सांगायला लागले की लोक पिशव्या खाली ठेवून ऐकत. आणि मी पहिल्यांदा पाहिलं — जोसाया सांगून झाला की काका स्वतःचं सांगायचे. खडे, रेषा, सगळं. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते त्याच्या आडोशानं निघू लागलं होतं. मी शेजारी गठ्ठा घेऊन उभी असायचे. तेव्हा सांगायला हवं होतं? हो. प्रत्येक गावात सांगायला हवं होतं. प्रत्येक गावात मी स्वतःला म्हणाले, बघ, चांगलंच होतंय.

शिरूर अनंतपाळला एका वाचनालयात ते संपलं. लातूरला नर्सिंग शिकणारी एक मुलगी उभी राहिली, बारीक आवाजाची. म्हणाली, ‘काका, ह्याचं साल कोन्तं? म्या लई शोधलं. कुठंच सापडंना.’

काका खूश झाले. खरंच खूश. चहा सांगितला तिच्यासाठी, आणि माझ्याकडे वळले — निवांत, खात्रीनं, जसं पाना मागताना हात मागे करावा आणि तो हातात पडणारच.

मी म्हणाले, ‘लिंक होती. ती साइट आता बंद झाली वाटतं.’

दुसरं खोटं. हे एकोणीस वर्षांच्या पोरीचं नव्हतं. हे पूर्ण शुद्धीत होतं.

मुलीनं वाद घातला नाही. पिशवीतून वहीचं पान काढलं. ‘पण असे खेळाडू खरंच व्हते ताई,’ ती म्हणाली. ‘काळ्यांचे येगळे संघ व्हते तिकडं. नावं हायेत, फोटो हायेत. फक्त ह्योच न्हाई.’ पानावर तिनं नावं उतरवली होती. खरी माणसं. खरोखर बर्फावर उभी राहिलेली, खरोखर बाहेर ठेवलेली. तिला अर्धा तास लागला होता म्हणे शोधायला. अर्धा तास. मी त्यांच्याऐवजी एक बनवला होता, कारण मला बोलायची घाई होती.

परतताना बसमध्ये काका खिडकीशी बसले. अहमदपूर आलं तेव्हा माझ्याकडे वळले. मी म्हटलं आता विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? मला वाटतं, नसतं. ते म्हणाले, ‘इंग्रजी मला येत न्हाई, आन् तुझ्यासारख्या पोरीवर भार टाकून म्या मोकळा झालो. तुझं वय काय व्हतं? चूक माझी हाय.’

पत्रकाचं टायपिंग मीच करते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि सांगत गेले, मी टाइप करत गेले: जोसाया या खेळाडूची जी माहिती आम्ही दिली तिला आधार नाही. ती संपादकानं तपासली नव्हती. चूक माझी आहे — प्रल्हाद. त्यांनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, अक्षर वाढव जरा. मी वाढवलं.

मग ज्या-ज्या गावात तो सांगितला होता, त्या-त्या गावात ते पुन्हा गेले. म्हाताऱ्या गुडघ्यांनी, एसटीनं. एका ठिकाणी चहा पिताना कुणी हसलं, ‘काय काका, कादंबरी लिहून राहिले का आता?’ ते म्हणाले, ‘हाव, तेवढंच राहिलं व्हतं.’ इथवर ठीक होतं. पण हिमायतनगरात पारावर बसलेला एक जण, पत्रक न उघडताच, शेजाऱ्याला म्हणाला, ‘मंग ते कबड्डीचं बी असंच असंल ह्यांचं.’ काकांनी ऐकलं. मीही ऐकलं. काकांनी त्याच्या हातात दुरुस्ती दिली आणि ते पुढच्या माणसाकडे गेले. त्या दिवसापासून खड्यांची गोष्ट त्यांनी कुठंच सांगितलेली नाही.

ती खरी होती. ती खोटी माझ्यामुळे ठरली.

गेल्या वर्षी रशियाच्या खेळाडूनं जुना विक्रम मोडला. गोविंदचा फोन आला, तोवर खेळलेले दोघांचे सामनेसुद्धा सारखेच भरले म्हणे, काकांना दे फोन. काका त्याच्याशी अर्धा तास भांडले, मनसोक्त हसले. ‘मोडू दे की,’ म्हणाले, ‘दुसऱ्याला मारून दिलेले मोडून दाखव म्हणावं.’ मी समोर बसले होते. तिसरं नाव दोघांनीही काढलं नाही. दोघांनी मला सांभाळून घेतलं, असं मला वाटलं — कशापासून, ते त्यांना ठाऊक नसताना.

आणि मागच्या महिन्यात नांदेडला एका कार्यक्रमात काकांनी माझी ओळख करून दिली. माझे लेख, माझी भाषणं. मग माइकपासून थोडं मागं होत म्हणाले, ‘सगळ्यांची ओळ म्या तपासून घेतो. हिची न्हाई. ही पोरगी पुराव्याबिगर लिहीत न्हाई.’

सभागृहात टाळ्या पडल्या. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले.