सुपडू जरा लवकर वळायचा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मी, म्हणजे ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं असं आई म्हणते, तो मी — ह्या एका गोष्टीवर मुका आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. की तेही अवघडच? बघू.

शहाद्यात मला नकल्या म्हणतात. जिन म्हणजे आमचा कापसाचा कारखाना, त्याच्या सेठची शिंक, तलाठ्याचं घसा खाकरणं, सगळं करतो. एकदा सेठसारखा शिंकलो तर आतले हमाल खरंच उठून कामाला लागले होते. पण ते जाऊ दे. विषय तो नाही. बघा, लगेच पळायला लागलो.

तर शाळेत आमचे ड्रिल मास्तर होते, पुण्याकडचे. आम्ही फूटबॉल खेळायला लागलो की ते कडेला उभे राहून उसासे टाकायचे. आत्ताची पोरं बूट घालून नाचतात, खेळत नाहीत. आमच्या वेळचे अनवाणी खेळायचे, गोऱ्या सोजिरांना रडवायचे! रोज तेच. आणि सगळे मोठे खेळाडू त्यांच्या तिकडचेच. आमच्या खानदेशात जणू आजवर कुणाला पायच फुटले नव्हते.

एके दिवशी जिनच्या ओट्यावर मी मास्तरांची नक्कल करत होतो. पोरं हसून लोळत होती. त्या भरात मी मास्तरांच्याच आवाजात म्हणालो, "पण खरा खेळाडू एकच, सुपडू!" सुपडू का? समोर एक बाई सुपानं धान्य पाखडत होती, म्हणून. दुसरं काही नाही. मग पुढचं आपोआप आलं. सुपडू तापीकाठचा. अनवाणी. गोलकडे पाठ करून धावायचा आणि एका पायावर गर्रकन वळून असा हाणायचा, की महूच्या छावणीतला सोजीर बॉलसकट जाळीत! मी ते करूनही दाखवलं. ओटा घोटून घोटून काचेसारखा झालेला, पायात गुळगुळीत झालेल्या वहाणा. भोवऱ्यासारखा फिरलो.

एवढंच. एक गंमत. तिथंच संपायला हवी होती ना?

पण जिनच्या फाटकाशी नथ्थूबाबा बसलेले असायचे. म्हातारा माणूस, दिवसभर बिडी आणि गप्पा. ते हसले नाहीत. मान डोलवून म्हणाले, "सुपडू ना? हा, मी दखेल शे त्याले. काय पाय व्हता त्याना!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी कसं बघितलं असेल? मी तर त्याला नुकताच जन्माला घातला होता! तेव्हा म्हणता आलं असतं — बाबा, थट्टा होती. पण एवढ्या लोकांत म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायचं? आणि खरं सांगू, मला मजा वाटली.

मग सुपडू वाढायला लागला. कुणी म्हणे तो आमच्या मामाच्या गावचा. कुणी म्हणे त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्याला सुपात घालून नाव ठेवलं. हे तर मलाही सुचलं नव्हतं. सारंगखेड्याच्या जत्रेत लोक मला घेरून म्हणायचे, सुपडू कर. मॅचच्या आधी बांबूच्या गोलपोस्टापाशी सुपडूच्या नावानं नारळ फुटायला लागला. प्रसादाचं खोबरं माझ्याही हातात यायचं. मी खायचो. काय करणार होतो?

आणि मग भटू.

भटू माझ्या वर्गातला. आमच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. तो बॉल घेऊन निघाला की मी नक्कल करायची विसरून नुसता बघायचो. ह्याहून जास्त कौतुक मला येत नाही. त्याच्या मामानं सुरतेहून बूट आणून दिले होते. तो ते झोपताना उशाशी ठेवायचा. पण त्यानं गोल केला की मैदानाला लागून असलेल्या जिनच्या फाटकावरनं नथ्थूबाबांचा आवाज यायचा, "बरा शे, पण सुपडूनी सर नही." दोन गोल केले तरी तेच. "सुपडू बूट घाले का?"

जिवंत माणूस, डोळ्यांसमोर धावणारा — आणि त्याला मापायचं कुणाशी? माझ्या थापेशी.

होळीच्या आसपास नंदुरबारच्या रेल्वेवाल्यांशी मॅच ठरली. त्यांच्यातला एक मोठा साहेब चांगल्या खेळाडूला नोकरीत घ्यायचा, असं सगळे म्हणत होते. भटूला ती नोकरी हवी होती. मॅचच्या काही दिवस आधी तो माझ्याकडे आला. हसत नव्हता. म्हणाला, "नकल्या, तू त्यानं सोंग करस. पाय कसा ठेवे तो? माले दखाड."

हाच तो क्षण. आम्ही दोघंच होतो. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. भटू, सुपडू नाहीच रे — एवढंच म्हणायचं होतं. तो मला दोन शिव्या देऊन निघून गेला असता. पण मग गावभर झालं असतं. नथ्थूबाबा, जत्रा, नारळ, सगळं माझ्या अंगावर आलं असतं. मी उठलो आणि करून दाखवलं. डावा पाय असा रोवायचा. मग सगळं अंग एकदम फिरवायचं. गुळगुळीत ओट्यावर, वहाणा घालून.

मॅच आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर होती. होळीला काळी कशी असते ठाऊक आहे ना? भेगाच भेगा. बूट त्या भेगांत जात नाही, रुंद असतो. उघडा पाय जातो.

भटूनं मैदानात उतरताना बूट काढले आणि माझ्या हातात दिले. लोक ओरडायला लागले, "सुपडू! सुपडू!" मी बूट छातीशी धरून उभा होतो. अजून वेळ होता. मैदानात पळत जाता आलं असतं. गेलो का? उलट मीही ओरडलो. सगळ्यांत मोठ्यानं. मास्तरांच्या आवाजात.

तो गोलकडे पाठ करून धावला, डावा पाय रोवला आणि वळला. अंग वळलं. पाय भेगेतच राहिला.

तो आवाज मला काढता येतो. आजवर कुणाला काढून दाखवला नाही.

हाडवैद्यानं गुडघा बांधला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. भटू घामानं भिजलेला. मला वाटलं, आता तो म्हणेल, कसलं दाखवलंस रे मला? म्हणाला असता तर मी सगळं सांगितलं असतं — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. पण तो म्हणाला, "मन्हीच चूक. मी उशिरा वळनू, नही का?"

आणि मी म्हणालो, "हो. सुपडू जरा लवकर वळायचा."

हेच सांगायचं होतं. पहिलं खोटं हसताहसता निघालं होतं. हे मी त्याच्या तोंडाकडे बघून बोललो.

रेल्वेची नोकरी दुसऱ्याच कुणाला लागली. भटू आता जिनवर गाड्या मोजून घेतो. पाय ओढत चालतो. त्याचे बूट माझ्याकडेच राहिले. त्यानं मागितले नाहीत आणि मलाही परत नेऊन देता आले नाहीत.

काल संध्याकाळी मैदानावर नवी पोरं खेळत होती. एकानं चांगला गोल मारला. नथ्थूबाबा नेहमीचं बोलले. मग भटूच पुढं झाला. काठीवर भार टाकून पोरांना समजावू लागला, पाय कुठं ठेवायचा, अंग कसं फिरवायचं. "सुपडू जरा लवकर वळे," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"नही का रे, नकल्या?"

मी म्हणालो, "हो."