‘राख’ लिहिलेली बादली

बडोद्याच्या आसपास कोळशाची खाण नाही, पण कोळसा धुण्याचं यंत्र मात्र आमच्या शेडमध्ये तयार होत होतं. लायसन्सची कटकट नुकती कमी झाली होती आणि आमच्या साहेबांनी नागपूरकडची पक्की नोकरी सोडून नंदेसरीच्या रस्त्यावर हा उद्योग मांडला होता. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून चाचण्या माझ्याकडे. घरी सांगितलं तेव्हा वडील हसले. “कोळसा उगाळावा तितका काळाच. तू धुऊन काय गोरा करणार?”

मलाही तेच बघायचं होतं. आपल्याकडच्या कोळशात दगडमाती फार. जळला की मागे राखेचा ढीग. साहेबांनी टाकीतल्या पाण्यात लोहखनिजाची बारीक पूड ढवळली. पाणी काळं आणि जड झालं. त्यात कोळसा ओतला तर दगडाळ तुकडे तळाला गेले आणि चांगले बुचासारखे वर आले. कोळसा कधी तरंगतो का? मी बाही सारून एकेक तुकडा खाली दाबत बसले, आणि तो हट्टाने वर येत राहिला. मला भारी मजा वाटली. साहेब म्हणाले, “पुरे करा हो, खेळणं नाही ते.”

दुसऱ्या दिवशी खाणीवरचे अधिकारी धुतलेला कोळसा बघायला येणार होते. त्यांनी पाठवलेलं पोतं एकच होतं आणि साहेबांची पहिली ऑर्डर त्यावरच ठरणार होती. साहेबांनी तरंगलेला माल एका बादलीत भरला, तळचा टाकाऊ दुसरीत, आणि टाकाऊ बादलीवर खडूने लिहिलं, ‘राख’.

सकाळी आम्ही बघतो तर ती बादली नीट झाकून कपाटाशी ठेवलेली, आणि चांगली बादली रिकामी! शेड झाडणारे काका उलट आमच्यावरच चिडले. “तमे ज लख्युं’तुं ने, राख! ते में राखी. बीजी चावाळाने आपी दीधी.”

साहेबांना काही उमगेना. मी जन्माची बडोदेकर, मला लगेच कळलं. गुजरातीत राख म्हणजे आपली राख, आणि राख म्हणजे ‘ठेव’ सुद्धा. काकांनी ‘राख’ वाचून टाकाऊ बादली जपून ठेवली आणि दुसरी, चांगली, फाटकावरच्या चहावाल्याला देऊन टाकली. साहेबांचा उतरलेला चेहरा बघवेना. मी फाटकाकडे धावत सुटले.

चहावाल्याची शेगडी लालबुंद पेटली होती. तो कोळसा कुठे, म्हणून मी विचारलं. “भाई, पेलो कोलसो?”

“राख...” एवढंच कानावर पडलं आणि मी मटकन बाकावर बसले. झालं, साहेबांची ऑर्डर चहाखाली जळाली.

तो पंख्याने वारा घालत बोलतच होता. “राख्यो छे ने, बेन! आवो सरस कोलसो एक दहाडामां थोडो बाळी नंखाय?”

इतका छान कोळसा कुणी एका दिवसात जाळून टाकतं का, म्हणे. मग म्हणाला, जरा उठा. आमच्या कोळशाचं पोतं बाकाखालीच होतं.