पाणबुडीची खिडकी

वाशीच्या महारुद्राचं लेथचं दुकान होतं, अन् डोक्यात पाणबुडी होती. आपल्या विहिरीचा तळ डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्याचं वेड. माणूस बसेल एवढं लोखंडी पिंप तयार झालं, पण घोडं अडलं खिडकीपाशी. साधी काच पाण्याच्या दाबानं तडकायची. शेवटी हैदराबादच्या भंगारात त्याला जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा गावला. लेथ जोरात फिरवला की तो तापून पांढुरका पडे, म्हणून साबणाचं पाणी सोडत त्यानं तो बेताबेतानं कातला. कड तिरपी ठेवली, रुंद बाजू बाहेर. पाणी जितकं दाबेल तितकी खिडकी घट्ट बसेल. तिला कुणी नुसतं बोट लावलं तरी तो अंगावर धावून जाई.

विहिरीत उतरायच्या दिवशी तो आत बसला, गड्यांनी झाकण आवळलं. तेवढ्यात त्याची आई कडूबाई पुढं आली. पूजेबिगर नवं यंत्र पाण्यात कसं जाणार? तेलात कालवलेल्या शेंदराचा पंजा तिनं थेट खिडकीवर उमटवला. महारुद्र आतून बोंबलला, पण बाहेर कुणाला ऐकू जाईना. गड्यांनी साखळी सोडली, अन् पिंप विहिरीत उतरलं.

पाण्यानं शेंदूर काही निघाला नाही. तळ दिसलाच नाही. खोल गेल्यावर पत्रा कुरकुरू लागला, तशी त्याची भेदरलेली नजर त्या पंजावरच खिळून राहिली.

वर आल्यावर कडूबाईनं विचारलं, "काय दिसलं रं खाली?"

आता हा म्हातारीवर उखडणार, असं सगळ्यांना वाटलं.

"तुझा हात, माय," तो म्हणाला, अन् शेंदूर पुसायला आलेल्या गड्याच्या अंगावर धावून गेला.